दोन जावा, एक घोंगडी आणि सत्तेचाळीस रुपये

"सर, माझी घोंगडी सत्तेचाळीस रुपयाला गेली!" रेणुका दारातूनच ओरडली. मग तिची नजर माझ्या मुंडन केलेल्या डोक्याकडं गेली. आवाज खाली आणून ती म्हणाली, "वडलांचं ऐकलं. लई वाईट झालं. पण सर, सत्तेचाळीस!"

वडील जाऊन पंधरा दिवस झाले होते. ऑफिस उघडायचा माझा पहिलाच दिवस. सकाळपासून लोक येत होते, मान हलवत होते आणि चहा न घेता जात होते. त्या सगळ्यांपेक्षा मला हे सांत्वन बरं वाटलं.

भूममध्ये मी छोट्या व्यापाऱ्यांची ऑनलाइन दुकानं सांभाळून देतो. रेणुकाचं दुकान ड्रॉपशिपिंगचं आहे, म्हणजे माल तिच्याकडं नसतोच. ग्राहक एका मोठ्या खरेदीच्या वेबसाइटवर तिच्या दुकानात ऑर्डर देतो, ती सोनारीच्या सप्लायरकडं जाते आणि घोंगडी तिथूनच निघते. किंमत ठरवायला तिनं पुण्याच्या एका कंपनीचं सॉफ्टवेअर घेतलं होतं. त्याला नियम दिला होता: समोरच्या दुकानापेक्षा दोन टक्के कमी ठेव, पण अमुक आकड्याच्या खाली जाऊ नकोस. या आकड्याला फ्लोअर म्हणतात.

"समोरचं दुकान म्हणून कुणाचं निवडलं होतंत?"

"अक्काचं," ती पुटपुटली.

अक्का म्हणजे तिची थोरली जाऊ, सुरेखा. मी तिला फोन लावला, तर ती खालीच जीपमध्ये बसून होती. वर आली. तिचाही तोच सप्लायर, तेच सॉफ्टवेअर, तोच नियम, आणि समोरचं दुकान रेणुकाचं. दोघींनी एकमेकींना पत्ता लागू दिला नव्हता. सकाळी ढोकीच्या लग्नात दोघी शेजारी उभ्या राहून अक्षता टाकत होत्या, आणि त्यांची दुकानं दर मिनिटाला एकमेकींना खाली ओढत होती. पंगतीत बसल्यावर रेणुकानं मोबाईल बघितला आणि दुकान बंद केलं. तोवर दोघींच्या मिळून दोनशेवर ऑर्डरी झाल्या होत्या.

सप्लायरला मी माल थांबवायला सांगितलं. पण एवढ्या ऑर्डरी रद्द केल्या तर वेबसाइट दुकान कायमचं बंद करते. उद्या बारापर्यंत लेखी कारण द्या, असा मेल दोघींना आला होता. रेणुकाच्या नवऱ्याची तासिकेवरची मास्तरकी जूनमध्ये सुटली होती. घर या दुकानावर चाललं होतं.

रेणुकाच्या सेटिंगची हिस्टरी बघून मी सॉफ्टवेअर कंपनीच्या मॅनेजरला फोन लावला.

"सर, सिस्टिमनं रूल फॉलो केलाय," तो म्हणाला.

"आणि फ्लोअर?"

"क्लायंटनं डिलीट केला असेल."

"दहा वाजून बारा मिनिटांनी? तेव्हा दोघी जावा लग्नाच्या मांडवात होत्या."

"एकीचा गेला तर तिचीच चूक, सर. दोघींचा एकदम गेला असेल तर बघू. प्रूफ पाठवा."

रेणुकाच्या सेटिंगच्या हिस्टरीचा फोटो मी काढला. साडेपंधराशे, आणि दहा वाजून बारा मिनिटांनी कोरं. आता सुरेखाचा हवा होता. तिनं मोबाईल पदराखाली घेतला.

"माझा बी गेला म्हणून लिहा. आकडा कशाला दाखवायचा?"

"फोटोत आकडा येतोच, वहिनी."

"मग म्या आकड्यावर बोट ठिवते."

"दाखवा की अक्का," रेणुका म्हणाली. "म्या काय खाणार हाय का तुमचा आकडा?"

"खाणार न्हाईस. सोनारीवाल्याला पोचवशील."

"यांची नोकरी गेली तवा तुमीच म्हणला, दुकान काढ. आता त्ये बंद पडाय लागलंय आन् तुमी बोट ठिवताय?"

सुरेखानं मोबाईल पदराखालून काढून टेबलावर ठेवला. "काढा."

तेराशे. आणि दहा वाजून बारा मिनिटांनी कोरं.

रेणुका वाकून बघत होती. "तेराशेला परवडतं व्हय तुमाला? मला तर त्यो सोनारीवाला घोंगडीच साडेचौदाशेला देतो."

"त्यो माझ्या माहेरचा हाय," सुरेखा छताकडं बघत म्हणाली.

दोन्ही फोटो पाठवून मी एकच प्रश्न लिहिला: त्या मिनिटाला तुमच्याकडं काय बदललं? मॅनेजरचा लगेच फोन आला. "सर, बोलून मिटवू ना." मी म्हटलं, लेखी द्या. तो तीनदा तेच बोलला, मीही तीनदा तेच बोललो. पंधरा दिवस सतरंजीवर काढल्यानं मला एका जागी बसायची सवय झाली होती.

दुसऱ्या दिवशी साडेअकराला मेल आला. अपडेटमुळं काही ग्राहकांचे फ्लोअर पुसले गेले होते. मी तो तसाच वेबसाइटला पाठवला. रद्द ऑर्डरी माफ झाल्या, दोन्ही दुकानं वाचली. भरपाई म्हणून कंपनीनं तेच सॉफ्टवेअर एक महिना फुकट देऊ केलं. सोनारीच्या सप्लायरला मात्र रेणुकानं माझ्याच ऑफिसातून फोन लावला, तो मी ऐकला. आता घोंगडी दोघींना एकाच भावात येते. सुरेखा दोन आठवडे माझ्याशी बोलली नाही.

चूक कंपनीची असली की ती कंपनीकडून लेखी घ्यावी. पण त्याआधी आपल्याच दोन माणसांना एकमेकींसमोर आकडा काढायला लावावा लागतो, आणि हे काम कुठल्याच कंपनीच्या सपोर्टमध्ये येत नाही.