लिहून तयार कबुली

माझ्या मांडीवरून लेकरू उचललं सासूनं. रडत नव्हतं ते. हसत होतं. धाड गावातल्या आमच्या चर्चमध्ये नणंदेच्या पोराचा बाप्तिस्मा होता.

"हिच्याजवळ काऊन देलं वं?" सासू साऱ्या बायांसमोर म्हणाली.

पाळकांच्या बायकोनं माझा हात धरला. पाळकीणबाई म्हणतो आम्ही त्यांना. शहरात शिकलेल्या. गोड आवाजात म्हणाल्या, "जेवणं सुरू झाली की मागच्या खोलीत ये. समुपदेशन करू."

मला बरं वाटलं. खोटं कशाला सांगू? लग्नाला सात वर्षं. दर महिन्याला न्हाणीत तोंड दाबून रडायची. वाटलं, आता कुणी तरी ऐकेल.

खोलीत सासू आधीच बसलेली. मी आत गेले तशी तिनं कडी लावली.

"लग्नाआधीचं कोणतं पाप लपवलंस?" पाळकीणबाईंनी विचारलं. "देव उगाच कूस बंद करत नाही."

"काहीच नाही, बाई."

"आठव."

किती तरी वेळ तेच. डोक्यावर दोघींचे हात. दाबत होते. मग पुढ्यात कागद आला. कबुली. लिहून तयार. मी लग्नाआधी पोट पाडलं, म्हणून मूल होत नाही. नवऱ्यानं सोडलं तर माझी तक्रार नाही. खाली सहीपुरती जागा.

अक्षर माझ्या नवऱ्याचं.

सकाळी त्यानंच गाडीवर आणलं होतं. "नीट बस," म्हणाला होता.

"कर न सही. मोकळी होशील," सासू म्हणाली.

"तपासण्या माह्या चार झाल्या," मी म्हटलं. आवाज माझा मलाच नवा. "तुमच्या लेकाची एकही नाही. त्याईले बसवा न इथं. त्याईच्या डोक्यावर ठेवा हात."

"हिच्यात सैतान बोलतोय," पाळकीणबाई म्हणाल्या.

मी कागद उचलला. कडी काढली. बाहेर पंगत बसली होती. उभी राहून सगळा कागद वाचला, मोठ्यानं. घास थांबले. नवऱ्यानं मान वर केली नाही.

आता माहेरी असते, जानेफळला. शिवणकाम करते. प्रार्थना सोडली नाही. ती माझी आहे.

काल कळलं, पाळकीणबाईंनी येत्या रविवारी आणखी एकीला त्या खोलीत बोलावलंय. आमच्याच चर्चमधली, लग्नाला तीनच वर्षं झालेली पोरगी. मी फोन लावला.

"एकटीच ये म्हणते त्या," ती कुजबुजली.

"मी येऊन राह्यली. सही करू नको. कशावरच."

मागून कुणी तरी विचारलं, "कोन व्हय?"

फोन बंद झाला. तेव्हापासून बंदच आहे.

रविवारी पहिल्या एसटीनं निघणार आहे. तिच्याआधी त्या खोलीत मी बसणार.