हरकतदार गैरहजर

मी पहिलं नाव पुकारलं. दारातल्या शिपायानं जिन्यात तोंड घालून तेच नाव परत पुकारलं. कुणी आलं नाही.

दुसरं नाव. तेही नाही. तिसऱ्याला तर शिपायानं हाक मारायलाही टाळाटाळ केली.

खिडकीखाली हलगी कडकडत होती. मधे मधे घोषणा. माणसं आली नव्हती असं नाही. मी ज्यांची नावं पुकारत होते तीच माणसं खाली गेटवर बसून "सुनावणी रद्द करा" म्हणून ओरडत होती. वर हॉलमध्ये आम्ही खुर्च्या मांडून ठेवलेल्या, त्यावर एक माणूस नव्हता.

साहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "मॅडम, तुमच्या कोल्हापुरात लोक हरकत घेतात आणि सांगायला येत नाहीत?"

"येतात सर. गेटपर्यंत."

साहेब हसले नाहीत. मलाही हसू आलं नव्हतं. त्या नावांत एक नाव गंगाक्कांचं होतं.

मी तेव्हा नगररचना विभागात होते. आता रिटायर झाले आहे. नगररचना म्हणजे काय, असं पाहुणे विचारतात तेव्हा मी सांगते, शहराचा पुढचा नकाशा करणारं खातं. कुठं शाळा, कुठं बाग, कुठं रस्ता, हे त्या नकाशात आधीच रंगवून ठेवलेलं असतं. त्यात बदल करायचा झाला तर ऑफिसला आधी नोटीस काढावी लागते. लोकांनी लेखी हरकत द्यायची, ठरल्या दिवशी समोर येऊन बोलायचं. बोललेलं मी लिहून घ्यायचं, साहेबांनी त्यावर रिपोर्ट करायचा आणि तो मंजुरीसाठी मुंबईला जायचा. मुंबईतला माणूस जागेवर कधी येणार नसतो. त्याला आमच्या रिपोर्टात असेल तेवढंच कळतं.

या वेळचा बदल होता दूध कट्ट्याचा. नकाशात ती मोकळी जागा होती. देवदर्शनाला येणाऱ्यांच्या गाड्या वाढल्या, तेव्हा तिथं मजल्यांचं पार्किंग करायचं ठरलं.

बाहेरगावच्यांना कट्टा माहीत नसतो. संध्याकाळी गवळी म्हशी आणून रस्त्याकडेला उभ्या करतात. तुम्ही पेला मागायचा, तुमच्या डोळ्यांदेखत धार काढून फेसाचं दूध तुमच्या हातात. तालमीतनं सुटलेले पैलवान पितात, ऑफिस सुटलेले कारकून पितात, नातवाला घेऊन आलेले म्हातारे पितात. पाणी घातलंय का, हे विचारायची गरजच नाही. आमच्या ऑफिसातले निम्मे लोक त्या कट्ट्यावर वाढलेत, आणि तो उठवायचा कागद मात्र आम्हीच तयार केला. नोकरी म्हटल्यावर असं होतं.

गंगाक्का त्या कट्ट्यावरच्या. माहेर सीमेकडचं, त्यामुळं म्हशींशी कानडी आणि गिऱ्हाइकाशी कोल्हापुरी. नवरा वारून बरीच वर्षं झालेली. घर सगळं म्हशींवर. नोटीस निघाल्यावर त्या एकट्या ऑफिसात आल्या. नकाशा बघायला कुणीही येऊ शकतं, पण येत कुणी नाही. त्या आल्या.

मी नकाशा पसरला. त्यांनी तो या टोकापासून त्या टोकापर्यंत बघितला.

"म्याडम, ह्यात माझी म्हस कुठं हाय?"

मी बोट ठेवलं.

"हितं तर कायच न्हाय की."

"नकाशात म्हशी दाखवत नाहीत, अक्का."

"आणि गाड्या दाखवत्यात व्हय?"

मी खुर्ची पुढं सरकवली. मग त्या खुर्चीवर बसल्या आणि शांतपणे म्हणाल्या, "मला सगळी जागा नको. लावू देत गाड्या. भिंतीकडंची पट्टी तेवढी सोडा. म्हस त्या जाग्यावर पान्हा सोडती. जागा बदलली की चोरती. मग मी पेल्यात काय घालू?"

पान्हा चोरणं म्हणजे म्हशीनं दूध आत धरून ठेवणं. म्हैस हट्टी जनावर आहे. ओळखीची जागा, ओळखीचा हात, नाहीतर ती कासेतलं दूध सोडत नाही.

"अक्का, हेच सुनावणीत बोला. अगदी असंच."

"मला बोलाय जमतंय व्हय तिथं?"

"आत्ता काय केलंत मग?"

त्या पहिल्यांदाच हसल्या. उठून उभ्या राहिल्या, पदर सारखा केला आणि मलाच साहेब समजून सगळं परत म्हणून दाखवलं. "येतो मी," म्हणाल्या. आमच्याकडं बायकाही 'येतो'च म्हणतात.

मी हे साहेबांच्या कानावर घातलं. साहेब मराठवाड्यातले, आमच्याकडं बदलून आलेले. कडक, पण सरळ. त्यांनी नकाशा ओढला, फूटपट्टी लावली, पेन्सिलीनं एक बारीक रेघ मारली.

"एवढी जागा सोडली तरी गाड्या चढायच्या उताराला अडचण नाही," ते म्हणाले. "पण मॅडम, हे कुणीतरी मागायला पाहिजे. मी मनानं लिहिलं तर वरून विचारतील, तुम्हाला हे कुणी सांगितलं? बाईंना येऊ द्या. दोन वाक्यं बोलू द्या. पुढचं मी बघतो."

म्हणजे काम झाल्यातच जमा होतं. बाईनं जिना चढायचा आणि दोन वाक्यं बोलायची, एवढंच राहिलं होतं.

पण मधे तालीम होती.

तालीम म्हणजे नुसता कुस्तीचा आखाडा, असं कोल्हापुरात नसतं. पेठेचा गणपती तालमीचा, फुटबॉलची टीम तालमीची, भांडण मिटवायचं तर तालमीत, आणि कुणी गेलं तर खांदा द्यायलाही तालमीचीच पोरं. तालमीत ठरलं की ठरलं. तिथले अध्यक्ष आप्पा. आप्पा वाईट माणूस नाही, हे आधी सांगते. कुणाचा चहासुद्धा फुकट पीत नाही. पण आंदोलन म्हटलं की त्याच्या अंगात येतं. त्याच्या एकट्याच्या कशाला, आम्हा सगळ्यांच्याच येतं. रस्त्यावर बसून भल्याभल्यांना माघार घ्यायला लावलेलं हे गाव. मग साहेबापुढं खुर्चीत बसून बोलणं म्हणजे आम्हाला हात पसरल्यासारखं वाटतं.

तालमीत बैठक झाली. सगळ्यांच्या हरकती एकच मजकूर छापून दिल्या: पार्किंगचा प्रस्ताव रद्द करा. अक्कांची सही त्याच मजकुराखाली. पट्टीचा उल्लेख कुठंही नाही. आणि वर ठराव झाला की सुनावणीवर बहिष्कार.

त्या दिवशी सगळी नावं पुकारून झाल्यावर साहेबांनी घड्याळाकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"मॅडम, तुम्हाला चहा प्यायचा असेल ना? खाली जाऊन या. मी थांबतो."

सुनावणीच्या माणसानं खाली जाऊन हरकतदाराला बोलावणं नियमात बसत नाही. चहा बसतो. मी गेले.

गेटवर जत्रा भरलेली. म्हशी आणलेल्या. शिंगं रंगवलेली, त्यावर मोरपिसांचे तुरे, अगदी दिवाळीच्या पाडव्याला सजवतात तशा. एकीच्या गळ्यात पाटी, 'आमचीही हरकत'. फोटोवाले त्या म्हशीभोवती. तिची दोरी अक्कांच्या हातात. अंगावर ठेवणीतली साडी. सुनावणीसाठी काढून ठेवलेली असणार, हे मला लगेच कळलं.

"अक्का, वर चला. दोन मिनिटांचं काम. साहेब तुमच्यासाठी थांबलेत."

त्यांनी आप्पाकडं बघितलं. आप्पा पुढं आला.

"म्याडम, आमचा एकेक माणूस फोडाय आलाय व्हय?"

"फोडायला नाही, आप्पा. सगळेच चला. बोला आणि परत येऊन बसा."

"त्यो सगळा फार्स हाय. ठरलेलं असतंय वर. आम्ही आत गेलो की तुमी लिव्हणार, लोकांचं ऐकून घेतलं. त्यो शिक्का मारायला आम्ही येत न्हाय."

खोटं बोलत होता असंही नाही. असे फार्स मी बघितले आहेत. पण आजचा तो नव्हता, आणि हे त्याला चारचौघांत सांगायची मला सोय नव्हती. साहेबांची पेन्सिलीची रेघ मी गेटवर कशी बोलून दाखवणार?

"आप्पा, तुमच्या मानापायी बाईची चूल विझेल," मी म्हणाले. आवाज चढला होता माझा.

"कशी विझंल? पेठ हाय की तिच्या मागं." मग तो अक्कांकडं वळला. आवाज मऊ केला. "अक्का, जायाचं तर जा. आम्ही काय हात धरलेला न्हाय."

हलगी थांबली. सगळे अक्कांकडं बघायला लागले. अक्कांनी दोरी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. मला वाटलं, आल्या.

"म्याडम," त्या म्हणाल्या, "मालक गेलं तवा खांदा ह्यांनीच दिला. दहाव्यापतोर माझ्या म्हसरांची धार ह्या पोरांनी काढली. आता ह्यांना हितं बसवून मी कसं वर जाऊ?"

मी वर आले. चहा प्यायलेच नाही.

साहेब ऑफिस सुटायच्या वेळेपर्यंत बसून राहिले. तेवढ्यात शिपाई एक पेला घेऊन आला. खाली अक्कांनी आंदोलनवाल्यांसाठी धार काढली होती, आणि "वरच्या म्याडमला" म्हणून एक पेला पाठवला होता. मी तो साहेबांपुढं केला. त्यांनी हात आडवा धरला. "एका बाजूचं दूध मी कसं पिऊ, मॅडम?" मग मीच प्यायले. गरम होतं. मला रडू आलं आणि मी खिडकीकडं तोंड केलं.

"लिहा," साहेब म्हणाले.

मी प्रत्येक नावापुढं लिहिलं, हरकतदार गैरहजर. अक्कांच्या नावापुढंही तेच. आता छापील मजकूर तेवढा उरला होता. प्रस्ताव रद्द करा, एवढंच त्यात. अख्खं पार्किंग रद्द करणं साहेबांच्या हातात नव्हतं, म्हणून हरकत अमान्य. साहेबांनी पेन्सिलीची रेघ खोडरबरानं पुसली. नीट, कागद न चुरगळता पुसली.

खाली गुलाल उडाला. सुनावणी उधळून लावली म्हणून आप्पाला पोरांनी खांद्यावर घेतलेलं मी खिडकीतनं बघितलं. दुसऱ्या दिवशी पेपरात म्हशीचा मोठा फोटो आला.

मंजुरी यायला वेळ लागला, पण आली. जागेला पत्रे ठोकले गेले. तालमीनं परत आंदोलन केलं, पण त्या वेळी माणसं थोडी होती आणि म्हशी नव्हत्या. गवळ्यांना शहराबाहेर, हायवेच्या बाजूला पर्यायी जागा मिळाली. पेठेतले लोक म्हणाले, आम्ही तिथं येऊ दूध प्यायला. आलेही. आधी रोज आले, मग रविवारी आले, मग यायचे थांबले. यात कुणाची लबाडी नव्हती. संध्याकाळच्या ट्रॅफिकमधून एका पेल्यासाठी तेवढ्या लांब कोण जाणार? मीही दोनदाच गेले.

आणि म्हशींनी पान्हा चोरला. कुणीतरी अक्कांना इंजेक्शनचा सल्ला दिला. ते टोचलं की म्हैस दूध सोडते, पण जनावराची वाट लागते. अक्कांनी टोचलं नाही. एकेक करून म्हशी बाजारात विकल्या.

रिटायर झाल्यावर एकदा सीमेकडं, अक्कांच्या माहेरगावी एका लग्नाला गेले होते. अक्का तिथं भावाकडं राहतात, हे मला माहीत होतं. जावं की नको असं करत गेले. भावाच्या गोठ्यात त्या शेण काढत होत्या. हात धुऊन आल्या, चहा ठेवला. चहात दूध पिशवीचं होतं. भावाची म्हैस आटली होती म्हणे.

आप्पाचा विषय त्यांनीच काढला. आप्पा दर दिवाळीला येतो, साडी आणतो, खाली मान घालून बसतो, असं म्हणाल्या. तक्रार काही नाही. मग एकदम विचारलं,

"म्याडम, खरं सांगा. त्या दिशी मी वर आलो असतो, तर साहेबांनी ऐकलं असतं काय?"

मला ती पेन्सिलीची रेघ दिसली. बारीक, सरळ, भिंतीला धरून गेलेली.

"नसतं ऐकलं, अक्का," मी म्हणाले. "सगळं वर ठरलेलंच होतं."

त्यांनी मोठा श्वास सोडला. चेहरा सैल पडला. "मग बरं झालं," म्हणाल्या. "न्हायतर जिवाला लागलं असतं."

नोकरीत मी खोटा शेरा कधी मारला नाही. हा एक मारला, आणि त्याचं मला काही वाटत नाही.

तुम्हाला कधी अशी सुनावणीची नोटीस आली, तर एवढं करा. आधी जिना चढा, तुम्हाला नेमकं काय हवंय ते बोला, बोललेलं लिहिलंय का ते बघून सही करा. मग खाली येऊन पाहिजे तेवढ्या घोषणा द्या. दोन्ही करता येतं. फक्त हे अक्कांना सांगायला जाऊ नका.