चुन्याच्या रेघेवरची बाई
चुन्याच्या फक्कीचा वास आला की मला नायगावजवळचं एक गाव आठवतं. आम्हाला ड्रोननं गावठाण मोजायचं होतं, म्हणून लोकांनी आपापल्या घरांच्या हद्दी फक्कीनं आखल्या होत्या. एक विधवा बाई भर उन्हात आपल्या रेघेवर उभी होती. मी म्हणालो, "मावशी, सावलीत बसा." "न्हाई. म्या हटले की दीर रेघ पुसतोय." ड्रोन उतरेपर्यंत ती हलली नाही. ऑफिसात ड्रोननं काढलेले, एकमेकांवर येणारे शेकडो फोटो जोडून नकाशा केला, तर चालती माणसं कुठं अर्धी, कुठं गायब. धड एकटी तीच. साहेब म्हणाले, "नकाशात माणूस नको, काढ." काढायला त्याच जागेचा, ती नसलेला फोटो लागतो. मी सगळे चाळले. तसा एकही नव्हता. नकाशात ती अजून उभी आहे.