खांबांना पाणी

मी फारसं बोलणारा माणूस नाही. ही गोष्ट घरीसुद्धा सांगितली नव्हती.

मुखेडकडच्या एका गावात शाळेच्या व्हरांड्याचे खांब तपासायला नांदेडहून गेलो होतो. आतलं लोखंड गंजलंय का, हे बघायची आमची एक रीत आहे. एका जागी गज उघडा करून त्याला मीटरची एक वायर जोडायची, दुसरी वायर मोरचुदाच्या पाण्याने भरलेल्या नळीला. मग ती नळी खांबावर टेकवत मीटर बघत जायचं. त्याआधी काँक्रीट चांगलं भिजवावं लागतं. कोरड्यावर मीटर फसवतं, गंजलेला गजसुद्धा धड दाखवतं.

हे मला पक्कं माहीत होतं. पण मे महिना, शाळेपुढे टँकर, बाया घागरी घेऊन रांगेत. त्यांच्यासमोर खांबांसाठी पाणी मागायची लाज वाटली. खरं सांगायचं तर थोडा आळसही होता. कोरड्यावरच मोजलं आणि मुख्याध्यापिकाबाईंना सांगून टाकलं, "खांब चांगले आहेत."

"बरं झालं. मग जूनमध्ये पहिलीचा वर्ग इथंच बसवते," बाई म्हणाल्या.

एसटीत ते वाक्य काही डोक्यातून जाईना. मुखेडच्या स्टँडवर उतरलो आणि नांदेडची गाडी सोडून उलटी गाडी धरली. टँकर अजून उभाच होता. सगळ्यांसमोर बोललो, "मी चुकीचं सांगून गेलो. खांब भिजवून परत मोजायचेत. पाणी लागेल."

रांगेतली एक म्हातारी म्हणाली, "खांबाला पाणी पाजून राहिलाव का साहेब? मंग भाकर बी वाढा की."

बाया हसल्या. मुख्याध्यापिकाबाई म्हणाल्या, "मावशी, तुमची नात बसणार आहे त्या खांबांखाली."

म्हातारीनं मला खालीवर बघितलं. "मंग पहिल्यांदा कामून न्हाई मागितलं?"

"लाज वाटली."

"लई शाणे हाव," म्हणत तिनं भरलेली घागर खांबाशी आणून ठेवली. मागोमाग बाकीच्या आल्या.

पाणी मुरू दिलं आणि नळी टेकवली. दोन खांबांवर आकडा उणेकडे घसरतच गेला, म्हणजे आत गंज. छिन्नी लावल्यावर वरचं काँक्रीट खपलीसारखं निघालं. आत गजाचे पापुद्रे सुटलेले, अंगठ्याएवढा गज करंगळीएवढा उरलेला. संध्याकाळच्या आत गावातल्या गड्यांनी तुळईखाली टेकू दिले. नंतर गंज खरवडून नवे गज बांधले, भोवती नवं काँक्रीट भरलं, तोवर मी तिथून हललो नाही.

शाळा सुरू झाली त्या दिवशी काम नसताना गेलो. पहिलीची पोरं खांबांना मिठ्या मारून शिवाशिवी खेळत होती.

"आता काय मोजाया आलाव?" म्हातारीनं विचारलं.

"काही नाही. नुसतं बघायला."

"बसा मंग."

मी त्याच तुळईखाली, पोरांच्या गोंगाटात, शाळा सुटेपर्यंत बसलो. इतक्या ताठ मानेनं मी कुठल्याच इमारतीत बसलो नव्हतो.