आलेले डोळे

दादा गेल्याचा निरोप मला अलिबागेच्या कचेरीत मिळाला. हातातला कागद तसाच टाकून मी किहीमच्या वाटेला लागलो. त्याला दोन महिने झाले. त्याच्याविषयी लिहायला बसलं की मध्ये मीच येऊन उभा राहतो...

नारायणदादा माझा सख्खा थोरला भाऊ, आमच्या होडीचा तांडेल. भर समुद्रातून डोंगराची दोन टोकं एका रेषेत धरून तो होडी नेमकी आमच्या दारात आणी. त्याच्या मेहनतीवर मी शिकलो, कारकून झालो आणि घरात माझा शब्द शेवटचा ठरू लागला. तिथेच घात झाला.

ते पटकीच्या साथीचं वर्ष. अलिबागेत रोज माणसं दगावत होती. मी भिऊन, रजा टाकून घरी पळालो होतो. त्याच आठवड्यात दादाचे डोळे लाल झाले. वहिनीने तुरटीच्या पाण्याने धुतले, तरी चिपडं वाढतच गेली. एका सकाळी त्याने मला विचारलं, “अलिबागला डाक्तरला दाखवू का रं? उजेड सोसत न्हाय.”

“डोळं आल्यात, जातील,” मी म्हणालो. “तिथं पटकी हाय. घरात मरण आणशील.”

खरं सांगतो, त्याच्याबरोबर मला जावं लागलं असतं, म्हणून तसं म्हणालो. दादा आत वळला. साथ ओसरेपर्यंत तीन आठवडे तो अंधाऱ्या खोलीत पडून होता. मग नेलं, तर दोन्ही डोळ्यांत फूल पडून नजर गेलेली. “लाल झाले तेव्हाच आणायचं होतं,” डॉक्टर म्हणाले. आपल्या भाषेत डोळे आले म्हणजे दुखणं, आणि गेले म्हणजे... ते दोन्ही शब्द मी एका दमात बोलून बसलो होतो.

पुढे दादा जाळी विणत बसे. मला कधी एका शब्दाने बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं. शनिवारी मी घरी आलो की ओट्यावर शेजारी बसवून घेई आणि विचारी, “होड्या आल्या का? आपली कंची?” मी सांगत असे. शेवटच्या शनिवारी मला राहवलं नाही. म्हणालो, “दादा, तवा माझं ऐकायला नको व्हतंस.”

तो जाळं विणतच म्हणाला, “तुजा भ्यालेला चेहरा मला दिसत व्हता रं. म्हणून गेलो न्हाय.”

अजून मी शनिवारी ओट्यावर बसतो. होड्या येतात. कुणी विचारत नाही, तरी आपली कुठली ते मी मोठ्याने सांगतो.