सोन्यावरचे चरे आणि खंडेनवमी

सोन्याच्या पातळ थरावरून प्रकाश नेता येतो. त्या थरावर ठरावीक अंतराने बारीक चरे पाडले, की प्रकाशाचा एकच रंग माघारी फिरतो, बाकीचे पुढे जातात. एमएस्सीला माझा प्रोजेक्ट हाच. जात बघून निवडून एकालाच परत पाठवायचं काम आमच्याकडे देवळाच्या पायरीवर बिनागणिताचं चालायचं. मला मात्र त्यासाठी कॉम्प्युटर लागत होता.

सोनं अर्थात कागदावरच. मी राहुरीहून एसटीने नगरला यायचो, चपला बाहेर काढायचो आणि विभागातल्या एकुलत्या एक कॉम्प्युटरला आकडे भरवायचो. चरे मी भरमसाट धरले होते. जितके जास्त, तितका रंग पक्का अडणार, असा सरळ हिशेब. गणित लावून दिलं होतं, ते दोन दिवस चालणार होतं. सोमवारी पुण्याचे परीक्षक येणार. आलेख नसेल तर माझं वर्ष गेलं.

खंडेनवमीला सकाळी जाऊन बघतो तर स्क्रीन काळा. मॉनिटरला कुंकू, कीबोर्डवर झेंडूची माळ, समोर आमचे विभागप्रमुख हात जोडून उभे.

"सर, माझं गणित चालू होतं!"

"अरे, आज हत्यारं वापरत नसतात. मशीनलाही विश्रांती हवी."

"मग पंखा का फिरतोय? तो काय मशीन नाही?"

कोपऱ्यातून शिपाईमामा म्हणाले, "पंखा बंद केला तर सायबांनी पूजा कशी करायची? लई उकडतंय."

अंधश्रद्धेविरुद्धची पत्रकं वाटून वाटून तोंड तयार होतंच. जनतेचा पैसा, विज्ञानाचा विभाग आणि वर ही हळद-कुंकवाची थेरं, असं उभ्या उभ्या भाषण ठोकलं. सरांनी प्रसादाची ताटली पुढे केली.

"झालं? घे, प्रसाद घे."

घेतला नाही. दसरा उरकल्यावर रविवारी दुपारी किल्ली मिळाली. पूर्ण गणिताला वेळच नव्हता. रागारागात चरे छाटले, पाव भाग ठेवले, आणि संध्याकाळी आलेख बघितला तर रंग झकास अडलेला! मधले आकडे तपासले तेव्हा उमगलं. सोनं प्रकाश खातं. थोडं अंतर गेलं की तो संपतोच. पुढचे सगळे चरे मी अंधाराला अडवायला मांडले होते.

सोमवारी परीक्षकांनी विचारलं, "चरे इतके कमी का?"

"पुढे पाडून उपयोग नाही, सर. प्रकाश तिथवर जिवंत राहत नाही."

"वा! कसं सुचलं?"

आमचे सर मध्येच म्हणाले, "खंडेनवमीची कृपा."

परीक्षकांच्या हातात गुणांचा कागद, पेनाचं टोपण काढलेलं. तरी राहवलं नाही. "कृपा कसली? ह्यांनी चालू मशीन बंद केलं होतं!"

परीक्षक खो खो हसले आणि त्यांनी पास करून टाकलं. बाहेर आल्यावर सरांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"बंद केलं म्हणूनच सापडलं ना? पुढच्या वर्षी सगळ्यांचंच गणित दोन दिवस आधी बंद करतो."