निकालांचं सुतक

आमचे नोंदकाका अधूनमधून ओल्या केसांनी कोर्टात यायचे. भर थंडीत, गळ्यातल्या वकिली पांढऱ्या बँडवर पाणी ओघळताना पाहून कुणी विचारलंच, तर शांतपणे म्हणायचे, "आंघोळ करावी लागली. एक निकाल गेला." सर्वोच्च न्यायालयाने आपलाच जुना निर्णय रद्द ठरवला, की काका घरचं माणूस गेल्यासारखी डोक्यावरून आंघोळ करत. बाररूममध्ये त्यांची यथेच्छ टिंगल होई.

पण काकांवाचून कुणाचं चालतही नसे. सर्वोच्च न्यायालयाच्या महत्त्वाच्या निर्णयांचा मराठी संदर्भग्रंथ त्यांनी एकेक नोंद करत एकहाती रचला होता, म्हणून ते नोंदकाका. दिंडोरी-नांदगावचे वकील तो चाळल्याशिवाय उभे राहत नसत. नव्वदच्या दशकात मी त्यांची ज्युनियर झाले, तेव्हा त्यांनी मला पहिल्याच दिवशी बजावलं, "अगं, हे नुसते खटले नाहीत, माणसं आहेत. निम्मी तर निकालाआधीच गेली. नावाने हाक मारत जा." पान उलटताना ते स्वतः "या, बसा" असं पुटपुटत. मला ते ऐकून कसंतरीच होई.

पेठकडच्या सोनीबाईचा दावा माझ्याकडे होता. तिच्या सासऱ्याची भातजमीन एका व्यापाऱ्याने लिहून घेतली होती आणि तेवढ्या तुकड्यावरच तिचं घर चालायचं. माझी सगळी भिस्त ग्रंथातल्या एका निर्णयावर होती. युक्तिवादाच्या दिवशी काका आले ते ओलेच.

"तुझा तो निर्णय आज वापरू नकोस."

"का? रद्द झाल्याचं कुठे आलेलं नाही."

"त्यातला अपीलदार पहाटे अंगणात उभा होता. म्हणाला, आता माझ्यावर विसंबू नका."

"काका, तो माणूस केव्हाच वारलाय."

"ठाऊक आहे," काका डोकं पुसत म्हणाले.

मला रागच आला. तरी त्यांचा शब्द मोडवेना. मी वेगळ्याच मुद्द्यावर भर दिला: आदिवासीची जमीन विकत घ्यायला जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते, ती या खरेदीला नव्हतीच. सोनीबाई जिंकली. माझा तो निर्णय युक्तिवादाच्या दिवशीच दुपारी दिल्लीत रद्द झाला होता, हे आम्हाला नंतर कळलं.

व्यापारी अपील करत करत दिल्लीपर्यंत गेला. सोनीबाई दर खेपेला विचारायची, "बाई, जमीन पोरांना राहील, नाय?" अखेर निकाल तिच्या बाजूने लागला, पण तेव्हा ती नव्हती. खटल्याच्या नावात 'सोनीबाई, मयत, वारसांमार्फत' असं छापून आलं. काकांनी आजारपणात अंथरुणावर बसून ती नोंद ग्रंथात लिहिली. "डोंगरातल्या कित्येकींच्या जमिनी आता हिच्या नावावर टिकतील," ते म्हणाले. "हिच्याकडे लक्ष ठेव." थोड्याच दिवसांत काकाही गेले.

ग्रंथ आता मी पुढे चालवते आणि त्याच निर्णयाच्या आधाराने पेठ-सुरगाण्याच्या बायकांचे दावे लढवते. रोज पहाटे दार उघडलं, की आधी अंगणात पाहते. सोनीबाई पुन्हा एकदा दिसावी असं फार वाटतं. आणि अंगणात कुणीच नाही म्हटल्यावर माझा जीव भांड्यात पडतो.